जुन्या मोटारींतील वंगणतेल लवकर काळे का पडते?

मोटारीच्या एंजिनात घालावयाचे नवे वंगणतेल मधाच्या रंगाचे व पारदर्शक असते. आधुनिक गाडीत ते भरल्यावर तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीवर पुष्कळ दिवस त्याचा मूळ रंग ओळखू येतो. परंतु साठ किंवा ऐंशी वर्षांपूर्वीच्या एखाद्या मोटारीत तेच तेल भरले, तर शंभर-दोनशे किलोमीटरांच्या आतच ते तपकिरी होते आणि थोड्याच दिवसांत काजळासारखे काळे दिसू लागते. अशा वेळी मालकाच्या मनात दोन शंका येतात. एक तर तेल भेसळीचे असावे, किंवा एंजिन आतून बिघडले असावे. मग कोणी तेल बदलून पाहतो, कोणी एंजिन उघडावयास निघतो. आणि ज्या तेलाचा रंग अधिक दिवस टिकतो ते तेल अधिक चांगले, अशी अनेकांची समजूत होऊन बसते. ही समजूत स्वाभाविक आहे, परंतु ती खरी नाही. जुन्या एंजिनांची हानी काळ्या तेलामुळे जितकी होते, तितकीच ती या समजुतीमुळेही होत असते.

ही हानी क्षुल्लक नव्हे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या खाजगी वाहनांना 'विंटेज' वाहने म्हणून वेगळी नोंदणी देण्याची तरतूद भारतात २०२१ साली करण्यात आली. अशा गाडीचे एंजिन जाम झाल्यास तसेच दुसरे बाजारातून आणून बसविता येत नाही. त्यातील बेअरिंगे बहुधा कथिल, अँटिमनी व तांबे यांच्या 'बॅबिट' नावाच्या मऊ मिश्रधातूची असतात. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली या बेअरिंगांचे एकस्व घेतले. हा धातू वितळवून जागच्या जागी ओतावा लागतो व नंतर हाताने तासून दंडाला बसता करावा लागतो. हे काम जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत.

काजळी येते कोठून?

देवापुढील समईची वात फार पुढे सारली, तर ज्योत मोठी होते, पण ती धुरकट जळते आणि वरच्या भिंतीवर काजळी धरते. तेल पुष्कळ व हवा अपुरी, असे झाले की तेलातील कार्बन पूर्णपणे जळत नाही. तो सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो. पेट्रोलच्या एंजिनातही हेच घडते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे पावणेपंधरा किलोग्रॅम हवा लागते. आजच्या गाडीत निष्कास वायूतील ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे उपकरण असते व त्यानुसार पेट्रोलचे माप क्षणोक्षणी दुरुस्त होत राहते. जुन्या गाडीत हे सर्व काम एकट्या कार्ब्युरेटरकडे असते. त्यातील पेट्रोलचे छिद्र आणि त्यात सरकणारी सुई वर्षानुवर्षांच्या वापराने झिजते, छिद्र मोठे होते आणि मिश्रण ठरल्यापेक्षा दाट बनते. त्यातच थंड एंजिन सुरू करताना चोक ओढावा लागतो, म्हणजे हवा मुद्दाम कमी केली जाते. चोक ओढलेले एंजिन ही पुढे सारलेल्या वातीची समईच होय.

ही काजळी निष्कास नळीतून बाहेर गेली, तर तेलाचे काही बिघडले नसते. परंतु दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधील फट पूर्णपणे बंद करणे कोणत्याही एंजिनात साधलेले नाही. दट्ट्याभोवतीच्या लोखंडी कड्या ही फट झाकतात. तरी प्रत्येक स्फोटाच्या वेळी ज्वलनवायूचा थोडा अंश कड्यांच्या बाजूने निसटून खाली, भुजादंडाच्या पेटीत उतरतो. नव्या एंजिनात हा अंश अगदी अल्प असतो. जुन्या एंजिनात सिलिंडर वरच्या टोकाशी अधिक झिजतो व त्याचा गोलपणाही जातो. कड्यांचा ताण कमी होतो, त्यांच्या खाचांत कार्बन साचतो, क्वचित कडी खाचेत चिकटूनही बसते. मग निसटणारा वायू कित्येक पटींनी वाढतो. त्याबरोबर काजळी, अर्धवट जळलेले पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पाण्याची वाफ ही सर्व मंडळी तेलाच्या भेटीस येतात.

यांतील पाण्याचा हिशेब पुष्कळांना ठाऊक नसतो. पेट्रोलमधील हायड्रोजन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी बनते आणि हे पाणी थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. एंजिन चांगले तापलेले असेल, तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. एंजिन थंड असेल, तर निसटून खाली आलेली वाफ पेटीच्या भिंतींवर दवासारखी जमते व तेलात मिसळते. तेल भरण्याच्या तोंडाच्या झाकणाखाली पुष्कळदा लोण्यासारखा पिवळट फेस सापडतो, तो याच मिश्रणाचा.

ही वाफ व हे वायू बाहेर काढण्याची जुन्या गाड्यांतील योजना मोठी साधी होती. पेटीतून एक उघडी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी वेगाने धावू लागली, की नळीच्या तोंडाशी दाब कमी होऊन आतले वायू ओढले जात. परंतु गाडी सावकाश चालत असेल किंवा उभी राहून नुसते एंजिन फिरत असेल, तर ही ओढ जवळजवळ नाहीशीच होते. पेटीतील वायू एंजिनाच्याच शोषणाने ओढून घेऊन पुन्हा जाळण्याची पद्धत मोटारींत सरसकट आली, ती १९६० नंतर. कॅलिफोर्नियात १९६१ सालच्या गाड्यांपासून तिची सुरुवात झाली. तीही धुराने दूषित झालेल्या हवेच्या काळजीपोटी. तेलाचा लाभ हा तिचा आनुषंगिक परिणाम होता.

काजळीखेरीज तेल काळवंडण्याचे आणखी एक कारण आहे. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापविले, तर त्यात काही जळाले नसतानाही ते गडद व दाट होते. खनिज तेलाचेही तसेच आहे. तापलेल्या तेलाशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होऊन प्रथम आम्लधर्मी पदार्थ व पुढे राळेसारखे चिकट पदार्थ बनतात. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले, की ही क्रिया साधारणपणे दुप्पट वेगाने होते. लोखंड व तांबे यांचे झिजून आलेले कण तिला आणखी चालना देतात. मात्र निव्वळ ऑक्सिडीभवनाने येणारा रंग तांबूस-तपकिरी असतो. शाईसारखा काळा रंग दिसला, तर तो बहुतांशी काजळीचाच समजावा.

त्या काजळीचे प्रमाण किती असते? येथे डोळा फसतो. पूर्वी पोथ्या लिहिण्याची शाई दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून करीत. चिमूटभर काजळीने दौतभर पाणी काळेभोर होई. एंजिनात भरलेले चार लिटर तेल अपारदर्शक करण्यासही फारशी काजळी लागत नाही, आणि तेवढ्याने तेलाच्या वंगणशक्तीत उणेपणा येत नाही.

फोर्ड आणि शेव्हरोले

ही सर्वसाधारण कारणे झाली. जुन्या एंजिनांच्या रचनेतच तेल लवकर काळे करणाऱ्या आणखी काही गोष्टी असत. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही गाडी त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटींच्या घरात बनल्या. तिच्या एंजिनाला तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. मागील बाजूचे मोठे गतिपालक चक्र तेलात फिरे व तेल वर उडवी. त्यातील काही तेल एका नरसाळ्यात पडून नळीवाटे पुढील टोकाकडे जाई आणि तेथून मागे वाहत येताना संयोगदांड्यांखालील पन्हळींत साचे. प्रत्येक फेऱ्यात दांड्याचे टोक या पन्हळीत बुडून तेलाचा शिडकावा करी, आणि या शिडकाव्यावरच सिलिंडर व बेअरिंगे यांचा निर्वाह होई.

याच पेटीत, त्याच तेलात, गाडीचे दंतचक्रही काम करीत असे. त्यातील पट्ट्यांना विणलेल्या सुती कापडाचे अस्तर असे. पाय दाबला की पट्टी फिरत्या पिंपावर आवळली जाई, अस्तर झिजे आणि त्याचे तंतू तेलात मिसळत. ते पुढे जाणाऱ्या नळीत अडकून पुढील बेअरिंगांचे तेल तोडत, म्हणून पुष्कळ मालक तेथे स्वतःच जाळी बसवून घेत. काजळी, पाणी, झिजलेला धातू आणि कापसाचे तंतू एवढी भर पडल्यावर चार लिटरांहून किंचित कमी असलेले तेल स्वच्छ राहील, ही अपेक्षाच व्यर्थ होती. कारखान्यालाही ती नव्हती. १९२० व १९३० च्या दशकांतील मोटारींच्या माहितीपुस्तकांत पाचशे ते हजार मैलांनंतर तेल बदलावयास सांगितलेले आढळते.

भारतातील वाचकांना याहून जवळचे उदाहरण शेव्हरोलेचे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जोडणी सुरू केली आणि त्यानंतर शेव्हरोले गाड्या भारतात सर्वत्र दिसू लागल्या. १९२९ साली शेव्हरोलेने सहा सिलिंडरांचे एंजिन आणले. त्यात तेलाचा पंप होता खरा, परंतु संयोगदांड्यांच्या बेअरिंगांना दाबाखाली तेल मिळत नसे. दांड्यांच्या टोकांना लहान चमचे असत आणि ते पन्हळींतले तेल उचलून बेअरिंगांना पुरवीत. ही पद्धत त्या कंपनीने १९५३ पर्यंत चालविली.

या पन्हळींची एक खोड आहे. तळाचा स्क्रू काढून जुने तेल सोडून दिले, तरी पन्हळींतले तेल तसेच राहते. त्यात आतील भिंतींना चिकटलेल्या तेलाची भर पडते. नवे तेल भरून एंजिन दोन मिनिटे फिरविले, की जुने काळे तेल नव्यात मिसळते. तेव्हा पहिल्याच दिवशी पट्टीवर काळसर तेल दिसले, तर बदलणाऱ्या कारागिराने फसविले असे मानण्याचे कारण नाही.

गाळणी नसणे हेच काळेपणाचे मुख्य कारण, असे पुष्कळ जण सांगतात. तेलाच्या गाळण्या अमेरिकेत १९२३ च्या सुमारास मोटारींवर येऊ लागल्या. पुढेही बराच काळ अनेक गाड्यांत त्या नसत, किंवा असल्या तरी तेलाचा थोडाच भाग त्यांतून जाई. गाळणीची उपयुक्तता निर्विवाद आहे; धूळ व धातूचे कण ती अडविते. परंतु रंगाशी तिचा संबंध फार थोडा. काजळीचे पुंजके मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढे असतात. गाळणीचा कागद त्याच्या शंभरपट मोठे कण रोखण्यासाठी केलेला असतो. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यातून पाणी जावे तशी काजळी गाळणीतून निघून जाते.

स्वच्छ दिसणाऱ्या तेलाची कथा

आता मूळ समजुतीकडे वळावयास हरकत नाही. १९३० पूर्वीची मोटारतेले ही बहुधा शुद्ध केलेली खनिज तेलेच असत. त्यांत अन्य द्रव्ये मिसळीत नसत. अशा तेलात आलेली काजळी तरंगत राहत नाही. तिचे कण एकमेकांस चिकटतात, राळेसारखे पदार्थ व पाणी त्यांना बांधून टाकतात आणि त्यांचा गाळ तळाशी, झडपांच्या खणात व तेलाच्या वाटांत बसतो. गढूळ पाणी रांजणात स्थिर ठेवले, की वरचे पाणी नितळ दिसते, तसाच हा प्रकार. पट्टीवर येणारे तेल स्वच्छ दिसे, कारण सगळा मळ खाली एंजिनात राहिलेला असे.

या तेलांची परीक्षा झाली, ती १९३० नंतर अमेरिकेत डिझेल ट्रॅक्टरांच्या एंजिनांत. त्या एंजिनांत काजळी अधिक बनते व उष्णताही अधिक असते. दट्ट्यांच्या कड्या खाचांत चिकटून एंजिने बंद पडू लागली. तेव्हा तेलात धातूंचे साबणासारखे संयुग मिसळून पाहण्यात आले आणि कड्या मोकळ्या राहू लागल्या. या प्रक्षालक द्रव्यांच्या रेणूचे एक टोक काजळीच्या कणाला चिकटते व दुसरे तेलात रमते. त्यामुळे कण सुटे राहतात, एकमेकांशी गोळा होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या वाहनांनी अशी तेले मोठ्या प्रमाणावर वापरली. १९४७ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मोटारतेलांचे तीन वर्ग पाडले, त्यांत प्रक्षालकयुक्त तेलांना 'हेवी ड्यूटी' हा स्वतंत्र वर्ग मिळाला. आज मोटारींसाठी विकली जाणारी बहुतेक सर्व तेले याच कुळातील आहेत.

काळेपणाचा उलगडा येथे होतो. प्रक्षालकयुक्त तेल काळे पडते, कारण एंजिनात बसणारा मळ ते स्वतःजवळ ठेवते आणि तेल सोडून देताना तो मळही बाहेर जातो. जुन्या एंजिनात तर ते दुहेरी काम करते. नवी काजळी ते धरतेच, शिवाय पूर्वीच्या तेलांनी बसविलेला जुना थरही हळूहळू सोडविते. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात जमलेला करडा गाळही या थरात असतो. असे पेट्रोल भारतात २००० सालापर्यंत विकले जात होते.

मात्र धोकाही येथेच आहे, आणि तो लहान नाही. ज्या एंजिनात वर्षानुवर्षे साधे तेल वापरले गेले, त्यात अकस्मात प्रक्षालकयुक्त तेल घातले, तर थराचे तुकडे सुटून तळाशी असलेल्या पंपाच्या जाळीवर किंवा तेलाच्या अरुंद वाटेत अडकण्याचा संभव असतो. तेल तुटले, तर बॅबिटचे बेअरिंग काही मिनिटांत वितळून जाते. या भीतीने अनेक जुने मोटारप्रेमी आजही साधेच तेल पसंत करतात. गाळणी नसलेल्या एंजिनात मळ तळाशी बसू देणेच बरे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो अर्धाच खरा आहे. बेअरिंगांवर ओरखडे काढणारे जाड कण प्रक्षालकयुक्त तेलातही तळाशी बसतातच. तरंगत राहते ती अतिसूक्ष्म काजळी. ती तळाशी बसू देण्याने चिखलाशिवाय काही मिळत नाही. तेव्हा योग्य मार्ग हा, की प्रथम तळाची पेटी उतरवून, पन्हळी व जाळी हाताने स्वच्छ करून घ्यावी. मग प्रक्षालकयुक्त तेल भरावे आणि पहिले दोन-तीन वेळा ते काही शे किलोमीटरांनंतरच बदलावे. पेटी उतरविणे शक्य नसेल, तर चालू असलेले साधे तेल तसेच चालू ठेवणे हे घाईने बदल करण्याहून शहाणपणाचे आहे. फक्त मग ते वारंवार बदलले पाहिजे.

रंगाऐवजी काय पाहावे?

रंग हा जर निकष नव्हे, तर कशाकडे लक्ष द्यावे? टीपकागदाची परीक्षा सोपी आहे. गरम एंजिनातील तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून तो काही तास आडवा ठेवावा. डाग मध्यापासून कडेपर्यंत सारखा करडा पसरला, तर तेल काजळीला अजून सुटे ठेवीत आहे, मग त्याचा रंग कितीही काळा असो. मध्ये दाट काळा ठिपका आणि भोवती फिकट तेलाचे वलय असे दिसले, तर तेलाची शक्ती संपली. ते बदलण्याची वेळ झाली. ही परीक्षा साध्या तेलाला अर्थातच लागू नाही.

नाकाचाही उपयोग होतो. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पट्टीवरील पातळी कमी होण्याऐवजी वाढली असेल, तर न जळलेले पेट्रोल तेलात उतरत आहे. असे तेल पातळ होते व बेअरिंगांवर त्याचा पापुद्रा टिकत नाही. याचे मूळ बहुधा कार्ब्युरेटरमध्ये, किंवा फाटलेल्या पडद्याच्या पेट्रोलपंपात सापडते. तेल दुधाळ दिसले, तर पाणी आले. ते थंडाव्याने जमलेले आहे, की थंड करण्याच्या पाण्याची गळती आहे, हे लागलीच पाहावे. दोन बोटांत चोळताना कचकच लागली, तर ते सर्वांत वाईट. या चारही अवस्थांत तेलाचा रंग मात्र फसवा असू शकतो. पेट्रोलने पातळ झालेले तेल कधी कधी नेहमीपेक्षा उजळही दिसते.

एक प्रचलित सवय येथे सांगितली पाहिजे. गाडी महिनोन्महिने उभी असते म्हणून दर रविवारी दहा मिनिटे एंजिन फिरवून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हेतू चांगला, परिणाम उलट. त्या दहा मिनिटांत चोक ओढलेला असतो, काजळी व पाणी भरपूर बनते, तेल मात्र तापत नाही आणि रस्त्याकडे सोडलेली नळी गाडी उभी असल्यामुळे काही ओढत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर रस्त्यावर नेऊन आणणे चांगले. तेल पुरते तापते व त्यातील पाणी आणि पेट्रोल उडून जाते.

कोकणात व मुंबईकडे पावसाळ्याचे चार महिने अशा गाड्या बहुधा झाकून ठेवतात. वापरलेल्या तेलात साचलेली आम्ले व ओलावा या काळात बेअरिंगांना व सिलिंडरच्या भिंतींना खात राहतात. म्हणून नवे तेल गाडी बाहेर काढताना भरण्यापेक्षा मे महिन्याच्या अखेरीस, गाडी ठेवण्यापूर्वी भरावे. त्या दिवशी गाडी चांगली फिरवून आणावी, एंजिन गरम असतानाच तळाचा स्क्रू काढून तेल पूर्ण निथळू द्यावे, नवे तेल भरल्यावर पाच मिनिटे एंजिन चालवून ते सर्वत्र पोचू द्यावे आणि मगच गाडीवर आच्छादन घालावे.